नवे म्हणून घेतलेले संगणकाचे भाग वापरलेले निघाले, तर?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्यासाठी संगणक जोडायचा म्हणून कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात भाव काढला होता. तोच माल एका मोठ्या खरेदीच्या संकेतस्थळावर बराच स्वस्त दिसल्याने तेथून मागवला : ४ टीबीची हार्ड डिस्क, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीच्या दोन रॅम आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क. सगळीकडे ‘नवे’ असेच लिहिले होते. जोडणी करताना मुलाला डिस्कच्या स्क्रूच्या भोकांत खरचटल्याच्या खुणा दिसल्या. लेबलवर २०२१ साल आहे, पण तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये डिस्क फक्त ६ तास चाललेली दिसते. कार्डाच्या पंख्यांमागे धूळ आहे आणि सोनेरी पट्टीवर रेघा आहेत. रॅमचे वेष्टन उघडून पुन्हा चिकटवल्यासारखे वाटते. एसएसडीवर ८० जीबी लिहिले गेल्याचे दिसते. विक्रेता म्हणतो, या कारखान्यातील चाचणीच्या खुणा आहेत. मुलगा म्हणतो, सगळे व्यवस्थित चालते आहे, उगाच वाद कशाला? माल परत करण्याची मुदत सात दिवसांची असून त्यातले चार गेले आहेत. हे भाग वापरलेले आहेत का, आणि आम्ही काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : सप्रेम नमस्कार. मुदतीचा प्रश्न तातडीचा असल्याने त्याबद्दलची सूचना आपल्याला आधीच कळवली आहे, ती इतर वाचकांसाठी येथे पुन्हा देतो. भाग नवा आहे की वापरलेला याचा पक्का निर्णय होईपर्यंत थांबू नये. संशयाला सबळ कारण असेल, तर मुदत संपण्यापूर्वी संकेतस्थळावरील आपल्या खात्यातून परताव्याची मागणी नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. तपासणी त्यानंतरही करता येते, आणि शंका खोटी ठरली तर मागणी मागे घेता येते. मुदत उलटल्यावर मात्र हाच साधा परतावा तक्रारीच्या लांबच्या रस्त्याने मिळवावा लागतो. विक्रेत्याशी फोनवर होणाऱ्या बोलण्यावर विसंबू नये, कारण ‘दोन दिवसांत कळवतो’ असे म्हणता म्हणता मुदत निघून जाते आणि त्या बोलण्याचा लेखी पुरावा आपल्याकडे काहीच उरत नाही.

चिरंजीवांचे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण मला ते पटत नाही. भाग चालतो का, हा एक प्रश्न आहे आणि जे सांगून विकले तेच दिले का, हा दुसरा. पाच वर्षे अहोरात्र फिरलेली डिस्कही घरी जोडल्यावर पहिल्या आठवड्यात उत्तम चालू शकते. आपण पैसे मोजले ते पहिल्या आठवड्यासाठी नव्हे, पुढच्या काही वर्षांसाठी आणि त्या वर्षांच्या वॉरंटीसाठी. चिरंजीव त्या डिस्कवर आपले प्रकल्प आणि घरातील छायाचित्रे ठेवणार असतील, तर तिचे किती आयुष्य आधीच खर्च झाले आहे हे जाणून घेणे याला वाद घालणे म्हणता येत नाही.

तपासणीकडे वळण्यापूर्वी एक भेद ध्यानात ठेवावा. गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला पण कधीच न वापरलेला माल, एखाद्या ग्राहकाने खोके उघडून परत केलेला माल, दुरुस्त करून पुन्हा विक्रीला आणलेला माल आणि सरळसरळ वापरलेला माल, हे चार वेगळे प्रकार आहेत. त्या त्या नावाने आणि योग्य किमतीला विकले तर त्यांपैकी कशातही गैर नाही. त्यामुळे लेबलवर २०२१ साल आहे, एवढ्यावरून डिस्क वापरलेली ठरत नाही. ती जुन्या साठ्यातील असू शकेल. आपल्या डिस्कबाबत संशय दाट होतो तो जुने साल, स्क्रूच्या खुणा आणि अवघे ६ तास या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे. कारखान्यात डिस्क तपासली जाते, त्यामुळे नव्या डिस्कवर काही तासांची नोंद असणे स्वाभाविक आहे. परंतु ६ तास चाललेली डिस्क कुठल्या तरी पेटीत स्क्रूने कसून बसवली गेली आणि पुन्हा काढली गेली, याचे समाधानकारक कारण विक्रेत्याने द्यायला हवे.

डिस्क किती तास चालली, किती वेळा चालू-बंद झाली, तिच्यावरील किती भाग निकामी होऊन बदलले गेले, याची नोंद ती स्वतःच ठेवते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती सहज वाचता येते. चिरंजीवांनी बहुधा तेच पाहिले असावे. अडचण अशी की जुन्या गाडीचे किलोमीटर मागे फिरवून ती विकावी, तशी ही नोंदही पुसून शून्यावर आणता येते. जानेवारी २०२५मध्ये जर्मनीतील हाइझे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने असा मोठा प्रकार उघडकीस आणला. सीगेट कंपनीच्या, प्रामुख्याने सर्व्हरसाठी असलेल्या, मोठ्या क्षमतेच्या डिस्क अनेक विक्रेत्यांकडून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. ‘स्मार्ट’ नोंदीत त्या जवळपास कोऱ्या दिसत होत्या, प्रत्यक्षात मात्र त्या साधारण १५,००० ते ५०,००० तास चाललेल्या होत्या. ५०,००० तास म्हणजे अखंड साडेपाच वर्षांहून अधिक काळ. चिया नावाच्या आभासी चलनासाठी २०२१च्या सुमारास प्रचंड प्रमाणात डिस्क वापरल्या गेल्या होत्या, त्याच पुढे बाजारात आल्या असाव्यात, असा तर्क तेव्हा मांडला गेला. या डिस्क आपण विक्रेत्यांना पुरवलेल्या नाहीत, असे कंपनीने स्पष्ट केले.

ही बनवेगिरी उघड झाली ती दुसऱ्या एका नोंदीमुळे. सीगेटच्या अनेक डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वेगळी, अधिक तपशीलवार नोंद असते, आणि ‘स्मार्ट’ पुसणाऱ्यांनी तिला हात लावलेला नव्हता. आपली डिस्क त्याच कंपनीची असेल, तर स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनसंचाची ७.४ किंवा त्यापुढील आवृत्ती घेऊन ‘फार्म’मधील चालू तास पाहावेत आणि ‘स्मार्ट’मधील ६ तासांशी ताडून पाहावेत. हे साधन विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. डिस्क यूएसबीच्या बाह्य पेटीत न ठेवता थेट मदरबोर्डच्या साटा जोडणीला लावावी, कारण पेटीतील जोडणी ही नोंद पुढे पोहोचवेलच असे नाही. ‘फार्म’मध्ये हजारो तास निघाले, तर प्रश्न मिटला : नोंद पुसलेली आहे आणि डिस्क वापरलेली आहे. दोन्ही आकडे जुळले, तर संशय कमी होतो, मात्र पूर्ण संपत नाही. पुढे ‘फार्म’मध्येही फेरफार केलेल्या डिस्क आढळल्याचे वृत्त आले होते. म्हणून आकड्यांबरोबर डिस्कचे अंगही पाहावे. साटाच्या संपर्कपट्ट्यांवर घासल्याच्या रेघा, स्क्रूच्या आट्यांवरील झीज, लेबलच्या कडांना उरलेला डिंक, कडेला लागलेली ठेच, हे सारे चांगल्या प्रकाशात मोबाईलने जवळून टिपून ठेवावे.

डिस्क दुसऱ्या कंपनीची असेल तर ‘फार्म’चा उपयोग नाही, तेथे वॉरंटीची चौकशी अधिक बोलकी ठरते. प्रमुख डिस्क-कंपन्यांच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला की वॉरंटी कधी संपते ते कळते. आज घेतलेल्या डिस्कची वॉरंटी आधीच संपलेली असेल, थोडीच उरलेली असेल, किंवा ही डिस्क एखाद्या संगणक-उत्पादकाला सुटा भाग म्हणून दिली होती आणि तिची वॉरंटी आम्ही देत नाही, असे उत्तर येत असेल, तर तो पडदा मोबाईलमध्ये टिपून ठेवावा. ती कोणी वापरली असो वा नसो, ‘नवी, पूर्ण वॉरंटीसह’ हे वर्णन तेथेच खोटे ठरते. खोक्यावरील, डिस्कच्या लेबलवरील आणि प्रोग्रॅममध्ये दिसणारा असे तीनही अनुक्रमांक एकच आहेत ना, हेही पाहून घ्यावे.

आता ग्राफिक्स कार्ड. कार्डात तासांचा हिशेब ठेवणारी, ग्राहकाला वाचता येईल अशी नोंद नसते. त्यामुळे येथे खुणा आणि कार्डाचा काळ यांवरूनच अनुमान करावे लागते. आरटीएक्स ३०६० हे मॉडेल फेब्रुवारी २०२१मध्ये बाजारात आले. तो इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगचा, म्हणजे कार्डांकडून अखंड आकडेमोड करून घेऊन ते चलन मिळवण्याचा, भराचा काळ होता. या कार्डावर मायनिंगचा वेग रोखण्याची व्यवस्था कंपनीने ठेवली होती, पण ती फार काळ टिकली नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली, मायनिंगसाठी घेतलेली कार्डे एका दिवसात त्या कामापुरती निरुपयोगी झाली आणि जगभर जुन्या बाजारात आली. आपले कार्ड त्यांपैकीच आहे असे यावरून सिद्ध होत नाही, पण या पिढीच्या कार्डाबाबत शंका घेणे रास्त आहे, एवढे नक्की. हेच कार्ड त्यानंतरच्या पिढीचे असते, तर मी इथेरियमचा उल्लेखही केला नसता.

सोनेरी पट्टीवरील रेघांना फार महत्त्व देऊ नये. कारखान्यात कार्ड एकदा तरी खाचेत बसवून तपासतात आणि चिरंजीवांनीही ते बसवले आहे, त्यामुळे एक-दोन फिक्या रेघा नव्या कार्डावरही असतात. या बाबतीत विक्रेत्याचे म्हणणे निम्मे तरी खरे मानता येईल. धुळीला मात्र हे उत्तर लागू पडत नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या इंदिरानगरात घरात धूळ लवकर बसते हे खरे आहे. तरीही चार दिवसांत ती पंख्यांच्या पात्यांवर बसेल, आतील धातूच्या पट्ट्यांच्या दाटीत तिचा थर जमणार नाही. तेथे धागेदार, दडपलेली धूळ असेल, तर ते कार्ड आधी कुठेतरी बराच काळ चाललेले आहे. त्याबरोबरच कार्ड संगणकाच्या पेटीला कसण्याची धातूची पट्टी, म्हणजे जिच्यावर मॉनिटरची जोडणी असते ती, स्क्रूच्या जागी घासलेली आहे का, मागच्या स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाच्या खुणा आहेत का, आणि मेमरीच्या आसपास तेलकट डाग आहेत का, हे पाहावे. उष्णता वाहून नेणाऱ्या पॅडमधून दीर्घकाळच्या तापण्याने तेल पाझरते, आणि त्याचे डाग नव्या कार्डावर दिसण्याचे कारण नाही. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवून कार्डाचे खरे नाव, मेमरी आणि बायॉसची (कार्डातील मूळ प्रोग्रॅमची) आवृत्तीही पडताळून घ्यावी. जुन्या चिपला नव्या कार्डाचे नाव दिलेले असल्यास हा प्रोग्रॅम बहुतेक वेळा ते ओळखून तसे स्पष्ट लिहितो. कार्डाचे स्क्रू मात्र स्वतः उघडू नयेत. वॉरंटी जाण्याचा धोका तर आहेच, शिवाय ‘तुम्हीच उघडले’ असे म्हणायला विक्रेत्याला आयतीच जागा मिळते.

एसएसडीबाबत मी आपल्याला निश्चिंत राहायला सांगेन. विंडोज बसवणे, तिची अद्यतने उतरवणे आणि एखाद-दुसरा मोठा गेम टाकणे, एवढ्याने ८० जीबी सहज लिहिले जातात. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आरोग्य १०० टक्के दिसत असेल आणि चालू तास चार दिवसांशी जुळत असतील, तर ती नवी आहे असे मानावे आणि तक्रारीत तिचे नाव घेऊ नये. ज्या वस्तूबद्दल तक्रारीला आधार नाही, ती यादीत घातली की आधार असलेल्या तक्रारींचे वजनही कमी होते.

रॅमचे उत्तर मधले आहे. रॅममध्ये वापराच्या तासांची नोंद नसते, आणि ती वापराने डिस्कसारखी झिजतही नाही. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पट्टी कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाली हे बहुधा दिसते. जोडी म्हणून विकलेल्या दोन पट्ट्यांच्या तारखांत बरेच अंतर असेल किंवा त्यांचे भाग-क्रमांक वेगळे असतील, तर कोणीतरी अदलाबदल केली आहे असे समजावे. तारखा जुळल्या, अनुक्रमांकावर कंपनी वॉरंटी मान्य करत असली आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून एकही चूक निघाली नाही, तर आपल्या जागी मी रॅम ठेवून घेईन. वेष्टनाबद्दलची नाराजी लेखी कळवून ठेवणे पुरे.

विक्रेता लबाडच आहे असे गृहीत धरू नये, हेही सांगणे आवश्यक वाटते. एखादा ग्राहक नवे कार्ड मागवतो, आपले जुने त्याच खोक्यात घालून परत पाठवतो, गोदामात कोणी अनुक्रमांक ताडून पाहत नाही, आणि ते खोके नवे सील लावून पुढच्या ग्राहकाकडे जाते. असे घडले असेल, तर विक्रेताही फसलेलाच आहे. त्यामुळे विक्रेत्याची जबाबदारी कमी होत नाही, पण आपल्या पत्राची भाषा बदलायला हवी. आरोप करू नयेत, वस्तुस्थिती लिहावी.

कायदा या बाबतीत स्पष्टपणे आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे आणि पुनर्बांधणी केलेला, वापरलेला, नूतनीकरण केलेला किंवा जुना माल नवा असल्याचे खोटे भासवणे, याचा तिच्यात थेट समावेश आहे. ई-वाणिज्याबाबतच्या २०२०च्या नियमांनुसार वस्तू जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात तिचे निवारण करायचे असते. त्यामुळे पहिली लेखी तक्रार विक्रेत्याबरोबर या अधिकाऱ्यालाही पाठवावी. त्याचा पत्ता संकेतस्थळावर दिलेला असतो.

तक्रारीचा मजकूर लहान असावा. ‘अमुक दिनांकाला अमुक ऑर्डर क्रमांकाने मी ही डिस्क व हे कार्ड मागवले. संकेतस्थळावर त्यांचे वर्णन “नवे” असे होते. डिस्कच्या “स्मार्ट” नोंदीत ६ तास व “फार्म” नोंदीत इतके तास दिसतात, स्क्रूच्या आट्यांवर झीज आहे. कार्डाच्या आतील भागात धुळीचा थर आहे. छायाचित्रे व पडद्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. या वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याने संपूर्ण रक्कम परत करावी.’ एवढे पुरते. सोबत बिल, ऑर्डरच्या पानाची प्रत आणि विक्रेत्याचे ‘कारखान्यातील चाचणीच्या खुणा’ हे उत्तर जोडावे. ते उत्तर फोनवर दिलेले असेल, तर त्याला संदेशातून पुन्हा विचारून लेखी घ्यावे. ऑर्डरच्या पानाची प्रत आजच काढून ठेवावी, कारण वस्तूचे वर्णन नंतर बदलू शकते.

दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. त्यानंतरचा टप्पा नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. विक्रेता दिल्लीचा असो वा बेंगळुरूचा, २०१९च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपल्या प्रकरणात येथवर जाण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही, पण हा मार्ग आहे हे विक्रेत्याला माहीत असते, आणि आपल्यालाही ते माहीत आहे असे पत्रातून जाणवले तर उत्तराचा सूर पुष्कळदा बदलतो.

थोडक्यात निर्णय सांगायचा तर, डिस्क परत करावी, ‘फार्म’ वाचता आली नाही तरीही. कार्डाच्या आत खरोखर धुळीचा थर असेल, तर तेही परत करावे. रॅम चाचणीनंतर ठेवावी, एसएसडी निर्धास्तपणे ठेवावी. बदली वस्तू आणि पैसे यांपैकी निवड करता येत असेल, तर डिस्कसाठी पैसेच घ्यावेत, कारण त्याच विक्रेत्याकडून बदली आलेली डिस्क त्याच साठ्यातली असण्याचा संभव आहे. ती पुन्हा घेताना कॅनडा कॉर्नरच्या दुकानातला भावही विचारात घ्यावा. तेथे खोके आपल्यासमोर उघडून घेता येते आणि बिलावर अनुक्रमांक लिहून मागता येतो. किमतीतील फरक थोडा असेल, तर या दोन गोष्टींसाठी तो देण्यासारखा आहे.

डिस्क परत पाठवण्यापूर्वी चिरंजीवांनी तिच्यावर काही ठेवले असेल, तर सर्व छायाचित्रे आणि नोंदींच्या प्रती काढून झाल्यानंतरच ते पुसावे, आधी नाही. कुरिअरवाल्याच्या हाती देताना डिस्कचा व कार्डाचा अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असे सलग चित्रण करावे आणि पावती घ्यावी. बदली कार्ड आले, तर खोके उघडण्यापासूनचे चित्रण करावे. नवी डिस्क कुठूनही घेतली, तरी तिच्यावर एकही फाइल टाकण्यापूर्वी तिचे चालू तास आणि वॉरंटीची तारीख पाहून घ्यावी.